अडतीस मीटरवरचं हरीण

बाबांनी आयुष्यात एकदाच माफी मागितली, आणि तीही एका हरणाची. मी तिथेच होते, हातभर अंतरावर. हरणाची कंबर मोडली होती, ते पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत होतं, आणि बाबा त्याची शिंगं दोन्ही हातांत धरून मराठीत म्हणत होते, "चुकलं रे बाळा, माझं चुकलं." मला त्यांनी कधी बाळा म्हटल्याचं आठवत नाही. मला ते कार्टे म्हणायचे. त्या दिवशी माझ्या डाव्या डोळ्याखाली त्यांच्या पुष्कराजाच्या अंगठीने उठवलेली खपली होती, आठवडाभरापूर्वीची. तिच्याबद्दल ते चकार शब्द बोलले नव्हते. मी सोळा वर्षांची होते आणि तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की या दोन गोष्टी एकत्र लिहून ठेवायच्या. लिहायला एवढा उशीर का झाला, ते मलाच माहीत नाही. आळशी तर मी नाही.

आम्ही नेदरलँड्समधल्या आइंडहोवनजवळच्या एका गावात, ओळीने बांधलेल्या विटांच्या घरांपैकी एका घरात राहत होतो. बाबा पुण्याहून आलेले ऑप्टिक्सचे इंजिनियर, भिंगं तपासणं हे त्यांचं काम. डोळ्याला न दिसणारी चूक शोधायचे ते दिवसभर, आणि संध्याकाळी घरी आल्यावर डोळ्याला दिसणाऱ्या चुका शोधायचे. त्यांचा मूड आम्हाला सायकलच्या स्टँडवरून कळायचा. स्टँड हलकेच लागलं तर चहा, गप्पा, कधीकधी गाणंसुद्धा. लाथेने खाडकन पाडलं तर आई आधी गॅस बारीक करायची आणि मग माझ्याकडे बघायची, म्हणजे मी वह्या-पुस्तकं उचलून वर जायचं. मोहरी तडतडत असली तरी तिला तो आवाज बरोबर ऐकू यायचा. आमच्याकडे एक स्टीलचं पातेलं होतं, त्याला तीन पोचे होते. एक माझ्या गणिताच्या मार्कांचा, एक पुण्याच्या आत्याच्या फोनचा, आणि तिसरा कशाचा ते आता कुणालाच आठवत नाही. आई त्यातच वरण करायची. बुडाला पोचा असल्यामुळे पातेलं शेगडीवर डगडगायचं, त्या डगडगण्याचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

मीही काही गरीब गाय नव्हते हं. सरळ बाबांवर गेले होते. शाळेत एका पोराने माझ्या कोटाला वास येतो म्हणून नाक धरलं, तर मी त्याच नाकावर सायकलचा पंप हाणला. रक्त आलं, आई-बाबांना बोलावणं आलं. मुख्याध्यापिकेसमोर बाबा इंग्रजीत इतकं गोड बोलले, की बाईंनी त्यांना कॉफी दिली. घरी येऊन त्यांनी मला त्याच पंपाने मारलं. दुसऱ्या दिवशी मी सायकलवरून पडले म्हणून सांगितलं. नेदरलँड्समध्ये ही थाप सगळ्यांना पटते.

भिंतीपलीकडे हेंक राहायचे. पासष्टी उलटलेले, विधुर, उंच, गुडघ्यांनी अधू. इथली मुलं शेजारच्या काकांना ओम म्हणतात, म्हणून माझे ते ओम हेंक. आमच्या दोन घरांमधली भिंत अशी, की त्यांची शिंक आमच्याकडे ऐकू यायची. म्हणजे आमचं काय काय तिकडे जात असेल! ते कधी बोलले नाहीत. पण पातेलं आपटलं की पाचव्या मिनिटाला बेल वाजायची आणि ओम हेंक दारात, हातात पांढऱ्या ॲस्परॅगसची जुडी नाहीतर आंबट रुबार्बचे दांडे. "जास्त झालेत," म्हणायचे. आई दाण्याचं कूट घालून त्या ॲस्परॅगसची भाजी करायची, ती मला ओल्या मातीसारखी लागायची, पण बेल वाजली की बाबांचा आवाज खाली यायचा, म्हणून मला ती भाजी आवडायची.

मग एकदा त्यांनी बाबांनाच विचारलं, "शार माझ्याबरोबर जंगलात बसायला येईल का?" माझं नाव शर्वरी, ते त्यांच्या तोंडात बसायचं नाही. ओम हेंककडे शिकारीचा परवाना होता. गावाबाहेरच्या पाइनच्या जंगलात आणि मक्याच्या शेताच्या कडेला, दरवर्षी ठरवून दिलेली हरणं मारायची, इथली ती लहान, तांबूस हरणं, शेळीएवढी. आईने कपाळाला हात लावला. "आपल्याकडे अंडं शिवत नाहीत आणि ही बंदुकीमागे हिंडणार?" बाबा मात्र शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं म्हणून हो म्हणाले. अशी मी मचाणावर बसायला लागले. लाकडी शिडी, वर तिघं दाटीवाटीने मावतील एवढं बाकडं, समोर गवताची पट्टी आणि पलीकडे नेचे. दोन-दोन तास काही न बोलता बसायचं. मी, जिचं तोंड दोन मिनिटं बंद राहत नसे, तिथे बसायची आणि मला ते आवडायचं. कारण तिथे कुणाचं स्टँड वाजत नव्हतं.

ओम हेंकचा एकच नियम होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. जनावर उभं आहे तिथे पडलं पाहिजे. त्याला कळताही कामा नये. "ज्या दिवशी माझ्या हातून एखादं तडफडेल, त्या दिवशी बंदूक परत करीन," ते म्हणाले. चाळीस वर्षांत एकही तडफडलं नव्हतं. आणि मारून झाल्यावर ते गुडघे दुखत असताना खाली वाकायचे, ओकची नाहीतर पाइनची छोटी डहाळी मोडून हरणाच्या तोंडात ठेवायचे. शेवटचा घास. दुसरी डहाळी टोपीत खोचायची, ती मारणाऱ्याचा मान. मी घरी येऊन आईला हे सांगितलं तर तिने खिडकीतल्या तुळशीकडे बघितलं. ती तुळस दर हिवाळ्यात मरायची आणि आई दर वसंतात नवी लावायची.

त्या वर्षी ओम हेंकच्या रायफलवरच्या जुन्या स्कोपमध्ये पाणी शिरलं. चारपटीची साधी दुर्बीण, त्यांच्या वडिलांची. आत धुकं जमलं ते जाईना. कुंपणावरून त्यांनी बाबांना इंग्रजीत विचारलं, "तू भिंगवाला आहेस. नवा कुठला घेऊ?"

बाबांवर मी चिडून आहे, पण खोटं लिहिणार नाही. त्या प्रश्नाने बाबा उजळले. सहा वर्षं झाली होती आम्हाला येऊन, आणि ऑफिसबाहेर त्यांना कुणी कशाबद्दल काही विचारलं नव्हतं. त्यांचं डच दुकानापुरतं. मी डचमध्ये बोलायला लागले की ते चेहरा कोरा करून उभे राहायचे, आणि घरी मी त्यांना डचमध्ये उत्तर दिलं की भडकायचे. आता पहिल्यांदा कुणाला त्यांची गरज होती. तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर प्रिंटआउटचा ढीग होता आणि आम्ही जमिनीवर बसून जेवत होतो. कुठल्या भिंगातून किती प्रकाश येतो, कडेला किती रंग फाटतो, सगळे तक्ते. स्टँड रोज हलकेच लागत होतं. आईने एकदा शिरासुद्धा केला.

तक्त्यांतून शेवटी दोन स्कोप उरले. ओम हेंकच्या ओळखीच्या दुकानदाराने दोन्ही शनिवारपुरते बघायला दिले. बाबांनी ते बागेतल्या टेबलावर पकडीत घट्ट बसवले. एक छोटा, दीडपट ते सहापट. दुसरा मोठा, जाडजूड, सहापासून चोवीसपर्यंत. बाबांचा जीव मोठ्यावर. त्यातून शेजारच्या शेजारच्या छपरावरचं शेवाळ मोजता येत होतं आणि ते बाबांनी ओम हेंकना मोजून दाखवलं. ओम हेंक मान डोलावत होते.

मला बघू द्या म्हणून मी घुसले. आई बागेच्या टोकाला कपडे वाळत घालत होती, वीसेक पावलांवर. छोट्यातून बघितलं तर अख्खी आई दिसली, बादली दिसली, मागची मांजर दिसली. मोठ्यातून बघितलं तर एक धूसर निळा चौकोन. बाबांनी काहीतरी फिरवलं, तेव्हा कळलं, तो कपड्याचा चिमटा होता.

"बाबा, यात आई दिसतच नाही."

"पॉवर कमी कर. सहावर आण."

"आणली. अर्धीच दिसते. हरीण चाळीस-पन्नास पावलांवर येतं बाबा, कुठलं अंग कुठे आहे ते दिसायला नको?"

"तू मला भिंगं शिकवू नकोस."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी ओम हेंककडे वळले आणि डचमध्ये म्हणाले, "छोटा घ्या. बाबा कधी जंगलात आलेले नाहीत. त्यांना वाटतं हरीण येऊन टेबलावर बसतं."

ओम हेंक हसले. वाईट नाही, असंच, पटकन. बाबांना शब्द किती कळले कोण जाणे, हसणं कळलं. त्यांनी माझ्या गालावर अशी एक ठेवून दिली, की मी टेबलावर आपटले आणि छोटा स्कोप गवतात पडला. अंगठीचा खडा डोळ्याखाली लागला. मी आवाज केला नाही. आवाज केला की दुसरी बसते, हे मला चांगलं माहीत होतं. आई हातात चिमटा धरून तशीच उभी. ओम हेंक खुर्चीतून उठले आणि बाबांना हळू आवाजात म्हणाले, "असं नाही करायचं. नाही." बाबांनी ऑफिसमधलं हसू आणलं, गवतातला स्कोप उचलला, रुमालाने पुसला आणि मोठ्या भिंगावरच्या कोटिंगबद्दल पुढे बोलायला लागले. माझ्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं आणि ते कोटिंगबद्दल बोलत होते!

ओम हेंकने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. "ठीक आहे," ते म्हणाले. "मोठा घेतो."

मला इतका राग आला, की आठवडाभर मी ओम हेंकशी बोलले नाही. चाळीस वर्षं जंगलात काढलेला माणूस, त्याला कळत नव्हतं? बाबांनी स्वतः त्यांच्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर जाऊन स्कोप शंभर मीटरला जुळवून घेतला, पॉवर बारावर, फोकस शंभरवर, आणि प्रत्येक गोळी नाण्याएवढ्या जागेत बसते म्हणून खुशीत घरी आले. आणि आता त्यांना ते जंगलात बघायचं होतं. तिघंही जायचं ठरलं.

मे महिन्यातली सकाळ, नुकतं उजाडलेलं. बाबा मधे, मी कडेला, ओम हेंक दुसऱ्या कडेला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डोळ्यांत प्राण आणून ते समोरच्या शेताच्या टोकाकडे बघत होते, जिथून हरीण यायला हवं होतं, शंभर मीटरवर. हरीण आलं ते डावीकडून, नेच्यांतून, जवळ. अडतीस मीटर, नंतर बाबांनी पावलं मोजली. नर होता, छोटी खडबडीत शिंगं, तोंडात पान. मला नुसत्या डोळ्यांनी त्याची ओली नाकपुडी दिसत होती. ओम हेंकने रायफल खांद्याला लावली आणि थांबले. पुन्हा मान हलवली, पुन्हा डोळा लावला. मला माहीत होतं त्यांना काय दिसत होतं. केस. धूसर तांबडे केस, खांदा कुठे आणि पुठ्ठा कुठे काही कळत नाही. बोटांनी ते पॉवरची कडी चाचपत होते. हरणाने मान वर केली. ते जाणार होतं. त्यांनी गोळी झाडली.

हरीण खाली बसलं, मागच्या अंगाने. आणि ओरडलं. हरीण ओरडतं हे मला तोवर माहीत नव्हतं. बाईसारखं, न थांबता. पुढचे पाय रोवून ते नेच्यांकडे निघालं, मागचं अंग गवतातून फरफटत, आणि त्यामागे गडद ओला पट्टा. ओम हेंक ते गुडघे घेऊन शिडी कसे उतरले देव जाणे. दहा पावलांवर जाऊन त्यांनी पुन्हा नेम धरला, पण दहा पावलांवर त्या स्कोपमधून काहीच दिसत नाही, नुसती गढूळ लाली. दुसरी गोळी मातीत गेली. हरीण आणखी जोरात ओरडलं. ओम हेंकने रायफल गवतात टाकली, कमरेचा सुरा काढला आणि मागे वळून ओरडले, "धर त्याला!"

मी निघाले होते. पण बाबा माझ्याआधी पोचले. ज्या माणसाने कधी अंडं फोडलं नव्हतं, तो हरणाच्या पाठीवर गुडघे टेकून बसला, शिंगं धरली. हरणाने डोकं झटकलं तसं शिंग त्यांच्या तळहातात घुसलं, तरी सोडलं नाही. इस्त्रीचा शर्ट बाहीपर्यंत लाल झाला. "चुकलं रे बाळा, माझं चुकलं, माफ कर, माफ कर," असं ते सारखं म्हणत होते, आणि ओम हेंकने पुढच्या पायामागे सुरा मुठीपर्यंत घातला. हरणाने दोन लाथा झाडल्या, त्यातली एक माझ्या नडगीवर बसली. मग ते थांबलं.

मग ओम हेंकने पाइनची डहाळी मोडली आणि हरणाच्या तोंडात ठेवली. बाबा ते बघत राहिले. टोपीसाठीची दुसरी डहाळी ओम हेंकने मोडलीच नाही. "बोट माझं होतं," ते बाबांना म्हणाले. "स्कोपचा दोष नाही. माझा." पुढच्या आठवड्यात त्यांनी परवाना आणि रायफल दोन्ही परत केली, आणि स्कोप बाबांच्या हातात आणून दिला.

घरी आलो तर आईने दार उघडलं. बाबांचा तो रक्ताने भरलेला शर्ट तिने बघितला, आणि पहिली कुणाकडे धावली? माझ्याकडे. माझी हनुवटी धरून तिने चेहरा उजेडाकडे वळवला, दोन्ही बाजूंनी बघितला. तेव्हा बाबा जिन्याजवळ उभे होते. त्यांनी ते बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. नंतर आई बेसिनपाशी उभी राहून जुन्या टूथब्रशने त्यांची अंगठी घासत होती, खड्याखालचं रक्त निघता निघत नव्हतं.

त्यानंतर बाबांनी माझ्यावर हात उचलला नाही. वाचणाऱ्याला वाटेल, संपलं. पण मारणं थांबल्याचं कुणी सांगत नाही हो! मी त्यानंतरही दोन वर्षं स्टँड वाजलं की पुस्तकं उचलून वर पळत होते. युट्रेख्टला शिकायला गेले तेव्हा खोलीखालीच सायकलींची रांग होती. पहिला महिना मला झोप नव्हती.

ओम हेंक जाण्याआधी मी त्यांना भेटायला गेले होते. ते पलंगावर, आवाज खोल गेलेला. मी विचारलं, "तुम्हाला कळत होतं ना, छोटा चांगला होता ते? मग मोठा का घेतलात?" ते म्हणाले, "छोटा घेतला असता तर तुझं खरं ठरलं असतं. त्या संध्याकाळी भिंतीतून मला ते ऐकावं लागलं असतं." मी तिथेच त्यांच्या पांघरुणात तोंड घालून रडले. चाळीस वर्षांचा नियम त्या माणसाने माझ्यासाठी मोडला होता आणि मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

हे मी बाबांना परवापर्यंत कधी सांगितलं नव्हतं. आई-बाबा आता हार्लेमला माझ्याकडे असतात. परवा त्यांच्या खोक्यात तो स्कोप सापडला आणि माझ्या मुलीने विचारलं, आजोबा, हे काय? बाबांनी तिला जवळ बसवून सगळी गोष्ट सांगितली. पॉवर बारा, फोकस शंभर, अंतर अडतीस मीटर, एक आकडा चुकला नाही. शिंग घुसल्याची तळहातावरची खूण दाखवली. "माझी चूक होती. माणसाने चूक मान्य करावी," म्हणाले. मुलगी भारावून ऐकत होती. मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली.

"आणि थप्पड?" मी विचारलं.

"कुठली थप्पड?"

ते नाटक करत नव्हते. मी त्यांना ओळखते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी काही म्हणायच्या आत ओट्यापाशी पाठमोरी उभी असलेली आई बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"स्कोप बघायला आणले होते त्या शनिवारी. डाव्या गालावर. अंगठी लागली होती. मी कपडे वाळत घालत होते."

बाबांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. अंगठी आता त्यांच्या बोटात सैल झाली आहे, ती ते फिरवत राहिले. मग मी त्यांना ओम हेंकने मोठा स्कोप का घेतला ते सांगितलं, एका दमात, माझ्या मुलीसमोर. ते ऐकत होते. स्कोप मांडीवर होता. ते म्हणाले, "ते हरीण ओरडत होतं ना... ते मला अजून ऐकू येतं. रोज."

"मी ओरडले नव्हते, बाबा," मी म्हणाले.